बावीस शुक्रवार आणि अकरा वेळा राहिलेला कोर्स

पत्र:

ताई, नोकरीला आठ वर्षं झाली, आधी सपोर्टला होतो, आता दोन वर्षं डेटाच्या टीममध्ये आहे. वर्षाच्या सुरुवातीला ठरवलं की दर शुक्रवारी काम संपलं की अर्धा तास बसायचं आणि आठवड्याबद्दल लिहायचं, कामात काय झालं, टेक्नॉलॉजीत नवीन काय बघितलं, काय शिकलो. सुरुवातीला मस्त वाटलं. मग टीम लीडला कळलं, तो म्हणाला भारी आहे, टीमच्या ग्रुपवर टाकत जा, तेव्हापासून टाकतो. आता बावीस आठवडे झालेत. परवा सगळं एका बैठकीत वाचलं आणि मला माझीच लाज वाटली, सगळे आठवडे सारखेच. "हा आठवडा बिझी गेला. एक नवीन टूल बघितलं, इंटरेस्टिंग आहे. पुढच्या आठवड्यात पायथनचा कोर्स पूर्ण करायचा." हे कोर्सचं वाक्य मी मोजलं, अकरा वेळा आहे. गेले दोन आठवडे तर कॅलेंडर आणि चॅट एआयला दिलं आणि त्याच्याकडूनच लिहून घेतलं, ते माझ्यापेक्षा चांगलं झालं, लाइक पण जास्त आले. मग मी कशाला लिहू? आणि खरं विचारायचं तर, मी शिकतोय की नुसतं शिकल्यासारखं वाटतंय?
– बावीस शुक्रवार

उत्तर:

ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरेवर येते. आधी एक गोष्ट, अकरा वेळा मोजलंस ना, ते तू बावीस आठवड्यांत केलेलं सगळ्यात कामाचं काम आहे. लिहिलं नसतंस तर आजही कुणी विचारलं असतं तर "हो, कोर्स चालू आहे" असंच म्हणाला असतास, आणि खोटं बोलतोय असंही तुला वाटलं नसतं. आपण सगळे असेच असतो. तेव्हा लाज वगैरे राहू दे बाजूला, वहीनं तिचं काम केलंय, गडबड वहीत काय जातंय त्यात आहे.

तू लिहितोयस तो रिपोर्ट आहे. रिपोर्ट दुसऱ्यासाठी असतो, त्यात बिझी होतो, प्रगती चालू आहे, पुढचा प्लॅन असा, एवढं आलं की वाचणारा खूश. तुझ्या टीम लीडला तेवढं पुरतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण सहा महिन्यांनी तोच कागद तू स्वतः उघडलास की त्यात तुझ्यासाठी काहीच नसतं.

मी हे इतक्या ठामपणे सांगतेय कारण मी स्वतः हेच केलेलं आहे, आणि फार वाईट पद्धतीने. काही वर्षांपूर्वी दोन वेगवेगळ्या सिस्टीममधून एक्सपोर्ट घेऊन एक रिपोर्ट जोडायचा होता, आकडे जुळेनात. म्हणजे थोडे जुळायचे, थोडे नाही, त्यामुळे डोकं आणखी फिरायचं, सगळंच चुकलं असतं तर बरं झालं असतं. क्वेरी (डेटा काढायची आज्ञा) तीनदा लिहिली, जॉइनवर, म्हणजे दोन याद्या जिथे जोडतो त्यावर, संशय घेतला, डुप्लिकेट शोधले, ज्याच्याकडून फाईल आली त्याला दोन तिरकस मेसेज पण टाकले (नंतर माफी मागितली). अख्खा बुधवार गेला. संध्याकाळी कंटाळून नुसती तारखांची यादी खाली-वर करत बसले होते तेव्हा दिसलं की १३ तारखेपासून पुढे सगळं चोख जुळतंय, फरक आहे तो फक्त १ ते १२ मध्ये. त्यातही ५ मेला जुळतंय, ६ जूनला जुळतंय. मग ट्यूब पेटली. एका फाईलमध्ये दिवस आधी, दुसरीत महिना आधी, आणि माझी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) दोन्ही बिनधास्त एकाच पद्धतीने वाचत होती. १३ वा महिना नसतो म्हणून १३ पासूनच्या तारखा ती गुपचूप बरोबर समजून घेत होती आणि १२ पर्यंतच्या उलट्या करत होती (५/५ उलटं केलं तरी ५/५च, म्हणून ५ मे जुळत होता). चूक सगळी माझीच, तारखेचा फॉरमॅट स्पष्ट सांगायचा ही पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट.

आणि त्या शुक्रवारी मी वहीत काय लिहिलं? "डेटा इश्यू सॉल्व्ह झाला. पेशन्स वाढवायला हवा."

पुढे आठ-नऊ महिन्यांनी दुसऱ्या प्रोजेक्टवर आकडे तसेच अर्धवट जुळेनात. मला पक्कं आठवत होतं की असं कधीतरी झालंय, वही काढली, शोधलं, ते पान सापडलं पण, आणि त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं की डेटा इश्यू सॉल्व्ह झाला. इतकी चिडले मी स्वतःवर. अर्धा दिवस परत गेला. एकच ओळ लिहिली असती, "महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांतच आकडे चुकत असतील तर दिवस-महिना उलटलाय का ते बघ", तर पाच मिनिटांचं काम होतं. (तारखांनी भल्याभल्यांना रडवलंय हा, मी एकटी नाही. माणसाच्या काही जीन्सची (जनुकांची) नावं मार्च-१, सेप्ट-१ अशी होती, एक्सेलमध्ये टाईप केली की त्यांची १ मार्च, १ सप्टेंबर व्हायची, शास्त्रज्ञांच्या फाईलींमध्ये हे इतकं घुसलं की शेवटी २०२० मध्ये जीन्सना नावं देणाऱ्या समितीनं नियमच बदलले आणि त्यांचं मार्च-एफ-१, सेप्टिन-१ करून टाकलं. सॉफ्टवेअर ऐकेना म्हणून जीनचं बारसं दुसऱ्यांदा.)

कामाची नोंद कशी असते त्याचा एक भारी नमुना सांगते. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरमध्ये एक पतंग अडकलेला सापडला, खराखुरा किडा. ऑपरेटरांनी तो सेलोटेपने लॉगबुकच्या पानावर चिकटवला आणि लिहिलं, वेळ १५४५, रिले (विजेवर चालणारा स्विच) नंबर ७०, पॅनल एफ, रिलेमध्ये पतंग, आणि खाली गमतीत, बग सापडल्याची पहिली खरी केस. गंमत अशासाठी की बिघाडाला बग म्हणणं आधीपासून चालूच होतं, एडिसनच्या काळापासून. ते पान पतंगासकट अजून आहे, स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये. आता हेच त्यांनी तुझ्या-माझ्यासारखं लिहिलं असतं तर, "मशीनमध्ये इश्यू आला होता, टीमने मिळून सोडवला, खूप शिकायला मिळालं." त्यांनी किती वाजता, कुठल्या पॅनलमध्ये, कितव्या रिलेत, काय, एवढंच लिहिलं. भावना शून्य, तरी वाचताना आपण त्या खोलीत असतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आठवड्याचं सगळं लिहू नकोस, जिथे तुझा अंदाज चुकला ती एकच जागा लिही. एकच. मला वाटलं होतं असं, निघालं तसं, आणि ते कशामुळे कळलं. मी बाई क्वेरीवर संशय घेत बसले आणि दोष तारखेत होता, ही अशी नोंद. तुझ्या बावीस आठवड्यांत असं एकदाही कुठे लिहिलेलं नसणार याची मला खात्री आहे, कारण ग्रुपवर टाकायच्या कागदावर कुणी "मी तीन दिवस चुकीच्या जागी शोधत होतो" असं लिहीत नाही. डार्विनची म्हणे सवय होती, आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचली किंवा दिसली की लगेच टिपून ठेवायची, कारण सोयीच्या गोष्टी डोक्यात राहतात आणि गैरसोयीच्या पटकन निसटतात असा त्याचा स्वतःचा अनुभव होता, त्याने आत्मचरित्रात हे लिहून ठेवलंय. एवढा मोठा माणूस, त्याला स्वतःच्या मेमरीवर भरवसा नव्हता, आणि आपण शुक्रवारी संध्याकाळी सहाला सगळं आठवेल म्हणून बसतो.

पण यात एक अडचण आहे आणि ती मला बऱ्याच उशिरा कळली. शुक्रवारी बसून "माझा अंदाज काय होता" हे आठवायला गेलं की मन गंडवतं. काय झालं ते एकदा कळलं की आपल्याला वाटायला लागतं, हे तर मला माहीतच होतं. यावर जुना अभ्यास आहे, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि रशियाला जाणार होते, त्याआधी काही विद्यार्थ्यांना विचारलं, अमुक होईल याची शक्यता किती, तमुक होईल याची किती. दौरे झाल्यावर त्यांनाच परत विचारलं की तेव्हा तुम्ही काय आकडा दिला होता ते आठवून सांगा. जे घडलं होतं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असं बऱ्याच जणांना "आठवलं". फिशहॉफ आणि बेथ यांचा १९७५ चा पेपर आहे तो. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं, ही तर खरी गंमत.

म्हणून सोमवारी दोन ओळी. फार नाही, दोनच. या आठवड्यात मला काय होईल असं वाटतंय. "हा डॅशबोर्ड बुधवारपर्यंत संपेल." "नवीन मुलगा ही टेबलं एकटा समजून घेईल, मला लागणार नाही." "मीटिंगमध्ये माझ्या प्रस्तावाला कुणी विरोध करणार नाही." मग शुक्रवारी त्या दोन ओळी उघडायच्या आणि बघायचं. डॅशबोर्ड शुक्रवारी पण झाला नसेल तर का, कुठे अडला, कोणाची परवानगी यायला तीन दिवस गेले, ते लिही. मी हे करायला लागल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक गोष्ट दिसली जी मला दहा वर्षांत दिसली नव्हती, माझं काम कधीच कोडमुळे लेट होत नाही, दुसऱ्याकडून काहीतरी मागायला मी कचरते म्हणून लेट होतं. मेल ड्राफ्टमध्येच पडून असतो दोन-दोन दिवस. हे वाचायला काही बरं वाटलं नाही, पण निदान कुठे हात घालायचा ते कळलं, तोपर्यंत मी वेगाने टाईप करायचा कोर्स बघत होते, काय सांगू.

आता एआय. तुझा खरा प्रश्न तोच आहे, बाकीचं तू प्रस्तावना म्हणून लिहिलंयस.

एआयने लिहिलेलं तुझ्यापेक्षा चांगलं झालं, मान्य. होणारच, रिपोर्ट त्याला छान जमतो, कॅलेंडरमधल्या मीटिंगा आणि चॅटमधली कामं यांची माळ ओवायची, शेवटी एक सकारात्मक ओळ. पण एक सांग, त्या दोन आठवड्यांत काय झालं ते आत्ता मला न बघता सांगता येईल? नाही ना येत? २००६ चा एक प्रयोग आहे, रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांचा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काही जणांनी तो चार बैठकांत परत परत वाचला, काहींनी एकाच बैठकीत वाचला आणि मग तीनदा न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. पण एका आठवड्यानंतर घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला चांगलं लक्षात राहील असा कॉन्फिडन्स कोणाला जास्त होता, तर वाचणाऱ्यांना. शिकल्यासारखं वाटणं आणि शिकणं यातला फरक तू विचारलास ना, तो हाच बघ, आणि नेमका एका आठवड्याच्या अंतरावर. वाचताना गुळगुळीत वाटतं म्हणून आपल्याला येतंय असं वाटतं. आठवताना अडखळायला होतं, म्हणून येत नाही असं वाटतं, आणि त्या अडखळण्यातच तर ते डोक्यात बसत असतं. एआयकडून आठवडा लिहून घेतलास की तू नुसता वाचणारा झालास, स्वतःच्याच आठवड्याचा.

एआय अजिबात वापरू नको असं मी म्हणत नाहीये, मी पण वापरते, फक्त क्रम उलटा ठेव. आधी दहा मिनिटं सगळं बंद, कॅलेंडर बंद, चॅट बंद, फोन पालथा, आणि जे आठवेल ते लिही, वाकडंतिकडं, अर्धी वाक्यं, चालतंय. मग कॅलेंडर उघड आणि बघ काय निसटलं. जे निसटलं त्याकडे जरा नीट बघ, माझ्या बाबतीत एकच साप्ताहिक मीटिंग सलग पाच आठवडे निसटत होती, म्हणजे एक तास बसून मला त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं, शेवटी मी त्या मीटिंगमधून नाव काढून घेतलं आणि कुणाला कळलं पण नाही. यानंतर पाहिजे तर एआयला दे आणि म्हण, यातलं काय मोघम आहे ते विचार मला. "डेटा इश्यू म्हणजे नक्की काय" हा प्रश्न त्याने विचारला असता तर माझा अर्धा दिवस वाचला असता. प्रश्न विचारायला चांगलं आहे ते, उत्तरं तुझी तू लिही. कारण मीटिंगमध्ये बोलायचं होतं आणि गप्प बसलास, हे कुठल्याच कॅलेंडरमध्ये नसतं. आणि एक पटकन, ऑफिसचं चॅट बाहेरच्या एआयमध्ये पेस्ट करण्याआधी कंपनीचे नियम बघितलेस का? क्लायंटची नावं, लोकांचे खाजगी मेसेज, सगळं जातं त्यात. बघितले नसशील तर आधी ते थांबव.

टीमच्या ग्रुपचं सोपं आहे. दोन कागद कर. ग्रुपवर जायचा तो जाऊ दे, तो खुशाल एआयकडून लिहून घे, मला त्यात काहीच वावगं दिसत नाही, रिपोर्टच आहे तो. आणि हा दुसरा कुणालाच दाखवू नकोस. टीम लीडलाही नाही, मलाही नाही. कुणी वाचणार आहे हे माहीत असलं की हात आपोआप नीटनेटकं लिहायला लागतो, तुझे बावीस आठवडे मला तरी तिथेच बिघडलेले दिसतात. पुढे कधी त्यातली एखादी चूक टीमच्या उपयोगाची वाटली, तर ती तेवढी उचलून सांग, तारखेची माझी गोष्ट मी आता प्रत्येक नवीन माणसाला सांगते आणि सगळे हसतात, पण फॉरमॅट तपासतात.

"नवीन टूल बघितलं, इंटरेस्टिंग आहे" हे वाक्य मात्र बंदच कर. दर आठवड्याला दहा टूल येतात आणि सगळीच इंटरेस्टिंग असतात, डेमो बघितला म्हणजे काही कळलं असं होत नाही. माझा नियम असा की स्वतःचं एखादं रडतखडत चाललेलं काम त्यात घालून बघितल्याशिवाय टूलचं नाव वहीत लिहायचं नाही. आणि लिहायचं तर कुठे फाटलं ते लिहायचं. "माझी मोठी फाईल दिली तर अडकलं", "मराठी नावं असलेल्या कॉलमला गोंधळलं", असं काहीतरी. या नियमाने महिन्यातून एखादंच टूल वहीत येतं, आणि बाकीच्यांचं काही अडलेलं नाही अजून.

राहिला तो कोर्स. अकरा आठवडे जी गोष्ट होत नाही ती बाराव्या आठवड्यात निश्चयाने होईल असं मला वाटत नाही. एक तर तुला त्याची गरज नाहीये, किंवा गरज आहे पण कोर्स ही त्याची वाट नाही. पायथन कशासाठी पाहिजे होतं ते आठवतंय का? रोज हाताने करतोस असं एखादं कंटाळवाणं काम असेल, तीन फाईली उघडून कॉपी-पेस्ट करायचं वगैरे, तर तेवढं एक काम पायथनमध्ये करून बघ, अडलास की तेवढंच वाच. असं काहीच आठवत नसेल तर वहीतून कोर्स खोडून टाक. माझेही दोन कोर्स अर्धवट पडलेत, एकाचे मला अजून मेल येतात की तुम्ही २३ टक्क्यांवर आहात.

आणि एखादा आठवडा राहिला तर राहू दे, भरून काढायला जाऊ नकोस, तीन आठवड्यांपूर्वीचं आठवून लिहिलेलं निम्मं बनवलेलंच असतं. अर्धा तास पण नको, पंधरा मिनिटं पुरतात एका चुकीला. वेळही शुक्रवार संध्याकाळची नको, तेव्हा डोकं घरी पोचलेलं असतं, दुपारी जेवणानंतर जरा सुस्ती असते ना, तेव्हा कर, नाहीतरी तेव्हा दुसरं काही होत नाही.

या सोमवारी दोन ओळी लिही आणि शुक्रवारी बघ काय निघतं. दोन्ही बरोबर निघाल्या तर तू फारच सोपे अंदाज लिहिलेस असं समज आणि पुढच्या सोमवारी जरा अवघड लिही. कोर्सचं काय ठरवलंस तेवढं कळव, खोडलास तरी चालेल.

– ताई